कष्टाला शिडी हवी

यशस्वी कारकीर्द ही ज्याच्या त्याच्या कर्तबगारीची कमाई होय, असा समज आपल्याकडे दृढ आहे. सचोटी, चिकाटी, नवे शिकण्याची हौस, निर्व्यसनीपणा हे गुण मोलाचे आहेत, यात शंका नाही. परंतु हे सारे अंगी असूनही एखादा माणूस वीस वर्षे एकाच पायरीवर का राहतो, याचे उत्तर गुणांच्या यादीत सापडत नाही. ते कामाच्या जागी शोधावे लागते.

कबनूरकरांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढे हा धंदा शहराची वेस ओलांडून आपल्या गल्लीबोळांत पसरला. येथील माग कामगाराची मजुरी विणलेल्या मीटरवर आणि पिकाच्या दरावर ठरते. जितका वेग, तितकी कमाई. पंचविशीत हात चपळ असतात. पंचेचाळिशीत तुटलेला धागा चटकन दिसत नाही, बारा तासांची पाळी झेपत नाही, खडखडाटाने कानही मंदावलेले असतात. सरकारी कारकुनाचे वेतन वर्षागणिक चढते. माग कामगाराचा मात्र अनुभव वाढतो आणि मिळकत घटते. उक्त्या कामाच्या चांगल्या मजुरीपायी कामगार अतिश्रम करतात आणि थोड्याच वर्षांत प्रकृती गमावतात, हे अॅडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदविले होते.

वरची पायरी मुळीच नाही, असे नव्हे. कामगार जॉबर होऊ शकतो, बिनधोट्याच्या आधुनिक मागांवर तंत्रज्ञही होऊ शकतो. पण त्याला शिकविणार कोण? सर्वत्र उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा खर्च मालक सहसा सोसत नाही. कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या खात्यात जाऊ शकतो, असे गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये दाखवून दिले. आपला लहान यंत्रमागधारक तर बहुधा स्वतःच व्यापाऱ्याचे कापड मजुरीने विणून देणारा. केवळ त्याला दोष देऊन भागणार नाही.

म्हणूनच हा भार सामूहिक असावा. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी सामायिक निधी उभारावा आणि तंत्रशिक्षण संस्थांच्या साह्याने, पाळ्यांच्या वेळा सांभाळून, प्रशिक्षणवर्ग चालवावेत. कामावरच मिळविलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. तिचा लाभ गावोगावी पोहोचवावा. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र ही तरतूद मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. चार-सहा माणसांच्या खात्यात ती पोहोचणार कशी? तेथे निदान सेवेची वर्षे आणि अवगत कामे यांची लेखी नोंद संघटनांनी स्वेच्छेने सुरू करावी. नोंदच नसेल, तर खाते बदलताच पंधरा वर्षांचा अनुभव शून्य होतो. डोळ्यांची व कानांची वार्षिक तपासणीही याच कार्यक्रमाचा भाग असावी.

तरुणांना कष्टाचा उपदेश करणे सोपे आहे. कष्ट ते करीतच आहेत. त्या कष्टाला चढण्यासाठी पायऱ्या बांधणे हे मालक, संघटना आणि शासन यांचे कर्तव्य आहे. ते पार पडेपर्यंत अपयशाचे खापर एकट्या कामगाराच्या माथी फोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.