शवपेटीचं गिऱ्हाईक

हिमगौरीच्या गोष्टीत राजपुत्र येतो आणि आल्या आल्या भाव विचारतो. काचेच्या पेटीत निजलेली, त्याच्या समजुतीप्रमाणे मेलेलीच, मुलगी बघून तो बुटक्यांना म्हणतो, ही पेटी मला विका, मागाल ते देतो. जगातलं सगळं सोनं दिलंत तरी विकणार नाही, असं बुटके सांगतात. मग हा तीच पेटी फुकट मागतो आणि भोळे बुटके ती देऊन टाकतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तर आणखी मजा आहे. राजपुत्र महालात दिवसभर त्या पेटीकडे टक लावून बसतो. ती शेजारी नसेल तर त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून जाईल तिथे नोकरांनी ती वाहायची. अखेर एक नोकर वैतागतो. मेलेल्या पोरीपायी आम्ही किती राबायचं, असं म्हणत तो पेटी उघडतो, तिला उचलून धरतो आणि पाठीत रट्टा घालतो. घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो, मुलगी जिवंत होते. चुंबन ग्रिमकडे नाहीच.

हिमगौरीच्या वस्तू जमवणाऱ्यांचा मूळपुरुष मी या राजपुत्राला मानतो. त्यांचा परवलीचा शब्द ‘मिंट इन बॉक्स’. बाहुली खोक्यातून कधीच बाहेर आलेली नसावी, झाकण उघडलेलं नसावं, कुणा पोरीने तिचे केस विंचरलेले नसावेत. खेळलेली बाहुली म्हणजे बाटलेली. हिमगौरीवरचा डिस्नेचा सिनेमा २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच्याबरोबरीने के केमन नावाच्या हुशार विक्रेत्याने बाहुल्या आणि खेळणी बाजारात आणण्याची सोय करून ठेवली होती. हा माल पोरांनी चघळावा, आपटावा, हरवावा म्हणून बनला होता. त्यातलं आज जे करकरीत उरलंय ते बहुधा खपलं तरी नव्हतं, नाहीतर ज्या पोरीला मिळालं तिला कुणी हात लावू दिला नव्हता. यात मिरवण्यासारखं काय आहे? हे लोण अमेरिकेहून येणाऱ्या बॅगांतून पुण्या-मुंबईच्या शोकेसांपर्यंत पोचलंय. नातीसाठी आणलेली बाहुली खोक्यासकट काचेत जाते आणि नातीला मिळतं फक्त ‘महागाची आहे, लांबून बघ’.

खरी गंमत कलेच्या नावाखाली चालते. कार्टूनपटाचा सेल म्हणजे सेल्युलॉइडचा पारदर्शक ताव. त्याच्या पुढच्या बाजूला शाईच्या रेघा, मागच्या बाजूला रंग. कॅमेऱ्याचं काम झालं की हे ताव धुऊन पुन्हा वापरत किंवा फेकून देत. १९३८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्वाझिए गॅलरीने त्यांना चौकटी बसवल्या आणि कचऱ्याची कला झाली. त्यांतल्या कित्येकांमागे लाकडाच्या पापुद्र्याची पार्श्वभूमी असे, जी सिनेमात औषधालाही नव्हती. ती मुद्दाम विक्रीसाठी लावलेली होती. तरी तिच्यासकट त्याला ‘मूळ चित्र’ म्हणतात. पुढे संगणक आला, डिस्नेच्या चित्रपटांत सेल वापरणं थांबलं, मग संग्राहकांसाठी खास सेल रंगवून घेतले गेले. १९९२ साली सदबीजने ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चे असे सेल लिलावात विकले. कॅमेऱ्याखाली कधी न गेलेला सिनेमाचा अवशेष! असली भक्ती देवळातसुद्धा दिसत नाही.

आम्ही इतिहास जपतो, हा संग्राहकांचा ठरलेला बचाव. जुने सेल नायट्रेटचे. ते पिवळे पडतात, आक्रसतात, सुरकुततात, त्यावरचे रंग सुटून येतात आणि ते भुरकन पेटतात. त्यांची निगा हे शास्त्रज्ञांचं काम. गेटी संस्थेच्या तज्ज्ञांनी डिस्नेच्या अ‍ॅनिमेशन रिसर्च लायब्ररीबरोबर त्यावर संशोधन केलं आहे. तुमच्या सोफ्यावरची उन्हाची भिंत म्हणजे संवर्धन नव्हे.

आणि इतिहास जपायचा तर कुणाचा? या तावांवर रेघा ओढणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या बहुतेक बायका होत्या. त्यांची नावं श्रेयनामावलीत नाहीत. त्याच १९३८ साली नोकरी मागणाऱ्या एका मुलीला स्टुडिओने कळवलं की आमच्याकडे सर्जनशील काम बायका करत नाहीत, मुली फक्त शाई गिरवतात आणि रंग भरतात. त्या पत्राच्या कागदावर छापलेलं चित्र होतं हिमगौरीचं. हिमगौरीला आवाज देणाऱ्या अ‍ॅड्रियाना कॅसेलोटीला मिळाले ९७० डॉलर आणि तिचंही नाव पडद्यावर आलं नाही. ज्यांनी राजकन्या घडवली त्यांच्या अनामिकपणावर आज लाखोंची बोली चढते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं याहून वेगळं काय असतं?

या वेडातला पैसा डिस्ने कंपनीलाही कळला होता. २००० साली अँडी मूनी या अधिकाऱ्याने डिस्नेच्या बर्फावरच्या खेळाला आलेल्या मुली घरी शिवलेले राजकन्येचे झगे घालून आल्याचं पाहिलं आणि आपल्या राजकन्यांची एकच मोळी बांधून तो माल विकायला काढला. त्या मुलींच्या आयांनी शिवलेले झगे कुठल्या संग्रहात आहेत? मला तरी ते जमवणारा कुणी भेटलेला नाही. एखाद्या आईने रात्री जागून टाके घातलेले ते झगेच मला या साऱ्या पसाऱ्यात जमवण्याजोगे वाटतात.

एका संग्राहकाला मी सुचवलं होतं की वस्तूंच्या यादीत ‘उत्तम स्थिती’ लिहिता तसं शाई कुणाची, रंग कुणाचे हेही शोधून लिहा. त्याला ते फिजूल वाटलं. चौकटीवर खुद्द वॉल्टची सही आहे, अजून काय हवं, असं तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की वॉल्टच्या नावाने सह्या ठोकायला स्टुडिओत हँक पोर्टरसारखे चित्रकार होते. तो काही बोलला नाही. उठून भिंग शोधायला गेला.