राहिलेलं मेडल

मूर्तिजापूरला गेलो की गल्लीतल्या काकांकडे चहा होतोच. ते १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर होते. परवा त्यांचं डिस्चार्ज बुक चाळलं, तर संग्राम मेडलची नोंद आहे, पण पूर्वी स्टारची नाही! संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी, पूर्वी स्टार पूर्वेच्या रणक्षेत्रात असलेल्यांसाठी. अर्ज केला, तर उत्तर आलं, पुरावा जोडा. आता पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाने तो आणायचा कुठून?

युनिट कुठे लढलं हे वॉर डायरीत असतं, जवान कुठल्या युनिटात होता हे रेकॉर्ड ऑफिसात. आमच्या भाषेत दोन टेबलं जोडायची, बस्स! ज्याने नोंद ठेवली त्यानेच ती तपासावी, एवढंच माझं म्हणणं.

मुरलीकांत पेटकरांनी १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या, १९७२ ला पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. जगापुढे जिंकलेल्याची ही गत, मग साध्या शिपायाचं काय?

काका म्हणतात, "राहू दे ना बापू, आपण होतो तिथं हे आपल्याले माहीत हाय."

खरंय. पण नातवंडांना कसं कळणार? सोमवारी पुन्हा अर्ज टाकतोय.