कर्कश स्वराचें खापर कोणाच्या माथीं?

सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी नळांतून खालीं उतरवून भिवपुरी येथें टाटांचें वीजगृह १९२२ सालीं चालू झालें. तेव्हांपासून हें गांव विजेसाठीं नांवाजलेलें आहे. अलीकडे त्याच्या आसपास मुंबईकरांनीं विसाव्याचीं घरें बांधिलीं, आणि त्या घरांतून एक तक्रार ऐकूं येते : स्टीरिओ उंची, परंतु स्वर कानांत सुईसारखा टोंचतो. 'स' आणि 'श' फूत्कारतात, झांज कांच फुटल्यासारखी वाजते, आणि हिराबाई बडोदेकरांचा मुलायम आवाजहि पत्र्यावर घासल्यासारखा येतो. घरांतील वडील माणसें अर्ध्या तासांत उठून जातात. आणि त्यांचें वय झालें, असें आपण समजतों!

यावर जाणते म्हणविणारे जे उपाय सांगतात, ते ऐकून हंसावें कीं रडावें हें आम्हांस कळत नाहीं. कोणी मनगटाएवढी जाड तार घ्यावयास सांगतो, कोणी नवा अँप्लिफायर. कोणी तर वीज 'शुद्ध' करणारी पेटी सुचवितो. विजेच्या गांवीं ही पेटी विकावयास निघणाऱ्याच्या धाडसाचें कौतुकच केलें पाहिजे! आमचें म्हणणें स्पष्ट आहे : अशा घरांत दोष बहुधा यंत्राचा नसून खोलीचा असतो, आणि खोली दुकानांत विकतां येत नाहीं म्हणूनच तिचें नांव कोणी काढीत नाहीं.

ज्यास हें पटत नसेल त्यानें तेंच गाणें चांगल्या हेडफोनवर ऐकावें. तेथेंहि टोंचलें, तर ध्वनिमुद्रणाचाच संशय घ्यावा. मग कोरड्या दिवसांत स्पीकर अंगणांत मांडावे. तेथें भिंत नाहीं, छत नाहीं; तेथेंहि ते कर्कश वाजले तर खुशाल बदलावे. पण स्वर निवळला, तर आरोपी म्हणजे संगमरवरी फरशी, जमिनीपासून छतापर्यंतची कांच आणि उघड्या भिंती. रिकाम्या खोलींत एक टाळी वाजवावी; मागोमाग थरथरता 'टर्र' उठला कीं साक्ष पुरी झाली.

हें शास्त्र नवें नव्हे. हार्वर्ड येथील सॅबाइन यांनीं १८९५ पासून एका व्याख्यानगृहाचा घुमारा मोजण्यासाठीं सँडर्स थिएटरांतील गाद्या आणून मांडिल्या, आणि शोषणाचें माप म्हणून उघडी खिडकी धरिली; कारण तिच्यांतून गेलेला नाद परत येत नाहीं. भिवपुरीकरास हा उपाय हिंवाळ्यांत फुकट आहे. पावसाळ्यांत खिडक्या मिटल्या कीं कांच पुन्हां बोलूं लागते.

आमच्या गवयांस तर हें मर्म पूर्वीपासून ठाऊक आहे. तंबोरा नीट बोलत नसला तर कोणी मिरजेस नवा सांगावयास धांवत नाहीं. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवून जवारी लागते का, तें आधीं पाहतात. स्पीकरचें तोंड थेट कानावर रोखलेलें असल्यास तें किंचित् बाहेर वळविणें हा तितकाच स्वस्त उपाय आहे. दोहोंच्या मध्यें जाड सतरंजी पसरावी. बैठकीवरून बाजूच्या भिंतीवर आरसा धरिला असतां जेथें स्पीकर दिसेल, तेथें घोंगडी टांगावी किंवा पुस्तकांचें कपाट ठेवावें. मलमलीचा पडदा मात्र कुचकामाचा. कानास झोंबणाऱ्या ३,००० कंपनांच्या नादाची लहर सुमारें साडेअकरा सेंटिमीटर असते. ती गिळावयास तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे तीन सेंटिमीटरांच्या आसपास जाडी लागते, किंवा भिंतीपासून तितकें अंतर.

ट्रेबलची कळ फिरविणें हें कांहीं शुद्धिवाद्यांस पातक वाटतें. फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान केला कीं कानास खर्ज अधिकच कमी ऐकूं येतो. मग रात्रीं हळू लाविलेलें गाणें चिरकें वाटलें, तर बेसची कळ वाढविण्यांत पाप तें कोणतें? 'हा टोंचणारेपणा नव्हे, हा बारकावा आहे,' असेंहि आम्हांस ऐकविण्यांत येतें. दुकानांत पांच मिनिटांच्या तुलनेंत झगझगीत स्वरच जिंकतो. पण घरीं तो दोन तास सोसावा लागतो.

सगळ्याच भिंती घोंगड्यांनीं झांकण्याचा अतिरेकहि नको. त्यानें वरचे स्वर मरतात आणि खर्ज तेवढा घुमत राहतो. आणि भिवपुरीच्या पावसांत लोंकरीस बुरशी धरते, म्हणून आश्विनाचें ऊन पडतांच घोंगडी अंगणांत वाळवावी.