टपाली मतदान : प्रश्न एक, उत्तरे अनेक

निवडणुका जाहीर झाल्या की कार्यालयाच्या मधल्या सुट्टीत एक प्रश्न हमखास निघतो : आपले नाव गावाच्या यादीत आणि आपण इकडे, मग टपालाने मत देता येते का? प्रश्न साधा आहे. पण त्याला मिळणारी उत्तरे बहुधा ठामपणे दिलेली आणि चुकीची असतात. असे एक चुकीचे उत्तर मीही दिले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी माझी नेमणूक गुवाहाटीस होती. कार्यालयात कोकणातला एक तरुण लिपिक होता. त्याचे नाव रत्नागिरीकडच्या यादीत होते. "साहेब, आपण केंद्राचे नोकर. आपल्याला पोस्टाने मत देता येतं ना?" असे त्याने विचारले आणि "हो, बारा नंबरचा अर्ज भरून टाक" असे सांगून मी मोकळा झालो. अर्ज नामंजूर झाला. तोवर उमेदवारी अर्जांची मुदत उलटली होती आणि त्यानंतर त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही. म्हणजे गुवाहाटीत नोंदणी करण्याची वाटही बंद झाली. तो काही बोलला नाही. परंतु माझ्या अज्ञानाची किंमत त्याने मोजली, मी नव्हे, ही गोष्ट मनातून गेली नाही.

नियम नेमका काय आहे? सेवा मतदार म्हणजे सैन्यदले व लष्करी कायद्याच्या तरतुदी लागू असलेली दले, आपल्या राज्याबाहेर तैनात असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस आणि भारताबाहेर नेमणूक असलेले केंद्र सरकारचे कर्मचारी. देशातच परराज्यात नोकरी करणारा केंद्रीय कर्मचारी यात बसत नाही. बारा क्रमांकाचा अर्ज निवडणुकीच्या कामावर नेमलेल्यांसाठी आहे. २०२३ पासून त्यांनी टपाली मतपत्रिका सुविधा केंद्रातच घेऊन तेथेच मत नोंदवायचे असते. १२ डी हा अर्ज वयोवृद्ध, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेले आणि अधिसूचित अत्यावश्यक सेवांतील मतदार यांच्यासाठी असून तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत पोहोचावा लागतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत कोणीही मतदार ठरलेल्या केंद्रावर जाऊन आगाऊ मत देऊ शकतो, तशी सर्वांसाठीची सोय आपल्याकडे नाही. परदेशस्थ भारतीय नागरिकांना २०१० च्या कायदादुरुस्तीने नोंदणीचा हक्क मिळाला. पण मत देण्यासाठी मूळ पारपत्र घेऊन मतदान केंद्रावर स्वतः यावे लागते.

हे सारे गुप्त नाही. अडचण वेगळीच आहे. पात्रतेचा काही भाग लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० आणि १९५१ च्या दोन कायद्यांत, कार्यपद्धती १९६१ च्या निवडणूक नियमांत, आणि कोणत्या सेवा अत्यावश्यक हे त्या त्या निवडणुकीच्या आदेशात, अशी ही माहिती विखुरलेली आहे. शिवाय ती बदलते. ज्येष्ठांची वयोमर्यादाच पाहा : २०१९ मध्ये ती ८० वर्षांवरील होती, २०२० मध्ये करोनाकाळात नियमात ६५ झाली, पण बिहारच्या निवडणुकीत आयोगाने ती प्रत्यक्षात आणली नाही, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. मागील निवडणुकीचे कात्रण जपून ठेवणारा दक्ष नागरिकच येथे फसतो.

अधिकृत माहिती अशी पसरलेली असली की तिची जागा अफवा घेते. परदेशस्थ भारतीयांना घरबसल्या संगणकावरून मत देता येईल, हा संदेश २०१९ मध्ये इतका फिरला की आयोगाला पोलिसांकडे तक्रार करावी लागली. असे संदेश पसरण्याचे कारण लोकांचा भोळेपणा एवढेच नाही. खोटे उत्तर एका परिच्छेदात मिळत होते आणि खरे उत्तर चार ठिकाणी शोधावे लागत होते, हेही आहे.

अर्थशास्त्रात शोधखर्चाची संकल्पना आहे. वस्तू फुकट असली तरी ती शोधण्यास लागणारा वेळ व श्रम ही तिची किंमतच असते. येथे ती किंमत सर्वांना सारखी पडत नाही. माझ्यासारखा अधिकारी नियमपुस्तक उघडू शकतो. बांधकामावरचा मजूर वा घरी एकटी राहणारी ९० वर्षांची आजी ते करू शकत नाही. पाच दिवसांची मुदत म्हणजे तिच्यापर्यंत बातमी पोहोचण्याआधीच संपणारी मुदत. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी जाऊन अर्ज देतात, ही व्यवस्था चांगली आहे. पण ती यादीतील पत्त्यावर राहणाऱ्यांसाठी. परगावच्या लेकाकडे असलेल्या आजीला तिचा उपयोग नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. निवडणूक जाहीर होईल त्याच दिवशी प्रत्येक भारतीय भाषेत एक पानाचे पत्रक निघावे. "तुम्ही मतदानाच्या दिवशी कोठे असाल?" या प्रश्नापासून त्याची सुरुवात व्हावी, पुढे कोण पात्र, कोणता अर्ज, कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच असावे. कोण पात्र नाही, हेही स्पष्ट लिहिलेले असावे. आपली पत्रके काय मिळते ते सांगतात, काय मिळत नाही ते सांगायला संकोचतात. माझ्या लिपिकाला नेमके तेच कळायला हवे होते. आणि पत्रकावर दिनांक ठळक छापावा, म्हणजे जुने पत्रक जुने म्हणून ओळखता येईल.

नियमच बदलावेत, स्थलांतरितांना दूरस्थ मतदान मिळावे, हा वेगळा व मोठा विषय आहे. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव राजकीय पक्षांपुढे मांडला होता. तो अमलात आलेला नाही. तोवर परगावी स्थायिक असलेल्या आपणासारख्यांपुढे प्रामाणिक मार्ग एकच आहे : आठ क्रमांकाचा अर्ज भरून नाव राहत्या ठिकाणी हलवावे. गावच्या यादीतून नाव निघताना काहीसे तुटल्यासारखे वाटते, हे मला ठाऊक आहे. परंतु कायदा सामान्य निवास पाहतो. गावात घर आहे एवढ्याने तो सिद्ध होत नाही.

आता मला कोणी हा प्रश्न विचारला की मी लगेच उत्तर देत नाही. १९५० या क्रमांकावर वा मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारून उद्या सांगतो, असे म्हणतो. खुर्चीवरच्या माणसाला "मला पाहावे लागेल" असे म्हणणे जड जाते. मात्र ते न म्हटल्याने एक मत गेले, ते मी पाहिले आहे.