तीन चौकोनांचं पाठांतर

वेब डेव्हलपरच्या नोकरीसाठी मुलाखतीला आलेल्या मुलामुलींना 'एमव्हीसी म्हणजे काय?' असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. मॉडेल म्हणजे डेटा, व्ह्यू म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते, आणि कंट्रोलर म्हणजे दोघांमधला दुवा. समोर कागद असेल तर तीन चौकोन आणि त्यांना जोडणारे बाणही काढून मिळतात. माझा पुढचा प्रश्न साधा असतो. हे तीन तुकडे का केले? केले नसते तर काय बिघडलं असतं? इथे बहुतेक जण थबकतात. कुणी म्हणतं मेंटेनन्स सोपा होतो. का सोपा होतो, असं विचारलं तर 'सर, इंडस्ट्री स्टँडर्ड आहे'.

मला या मुलांवर राग काढायचा नाही. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी चोख परत दिलं. राग आहे तो शिकवणाऱ्यांवर, 'पाच मिनिटांत एमव्हीसी'चे व्हिडिओ करणाऱ्यांवर, आणि हेच उत्तर ऐकून 'गुड' म्हणत पुढच्या प्रश्नाकडे वळणाऱ्या मुलाखतकारांवर.

'पॅटर्न' हा शब्द आमच्या धंद्यात आला तो वास्तुरचनेतून. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली घरं, गल्ल्या, गावं यांच्या रचनेतले २५३ पॅटर्न एका जाडजूड पुस्तकात मांडले. त्यातल्या प्रत्येक पॅटर्नची बांधणी सारखी आहे. आधी एक अडचण येते. ती का उद्भवते, कुणाला जाचते, हे येतं. मग 'म्हणून' असा एक शब्द येतो, आणि त्यानंतर उपाय. आमच्या अभ्यासक्रमांनी या 'म्हणून'च्या आधीचं सगळं कापून टाकलं आणि उरलेल्याला पॅटर्न म्हणून परीक्षेत विचारायला घेतलं. रोगाचं नाव न सांगता औषधाच्या गोळीचा रंग पाठ करून घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

एमव्हीसीच्या बाबतीत 'म्हणून'च्या आधी काय होतं? ट्रिग्वे रीन्सकॉग नावाचा नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञ १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पाहुणा म्हणून गेला होता. त्याची आधीची कारकीर्द जहाजबांधणीशी निगडित सॉफ्टवेअरमध्ये गेलेली. मोठ्या बांधकामाच्या नियोजनात शेकडो कामं एकमेकांत अडकलेली असतात. हे काम संपल्याशिवाय ते सुरू होत नाही, वगैरे. नियोजन करणाऱ्या माणसाच्या डोक्यात या सगळ्याचं एक चित्र असतं. संगणकाच्या पोटात जे असतं, ते या चित्राशी जुळत नाही. ही दरी कशी बुजवायची, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर असं, की माणसाच्या डोक्यातलं ते चित्र, म्हणजे कामं, त्यांची अवलंबनं आणि त्यांचे नियम, जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये उतरवायचं. हे मॉडेल. मग त्याच मॉडेलकडे बघायच्या अनेक खिडक्या: एकीत कामांची यादी, दुसरीत जाळं, तिसरीत कालपट्ट्या. हे व्ह्यू. मॉडेल बदललं की सगळ्या खिडक्यांना खबर जाते आणि त्या आपापलं चित्र सुधारतात. माउस आणि कीबोर्डवरून माणूस काय म्हणतो आहे ते समजून घेणारा तो कंट्रोलर. १९७९च्या मे महिन्यातल्या त्याच्या टिपणात 'कंट्रोलर' हे नाव नव्हतंही. चार नावं होती, थिंग, मॉडेल, व्ह्यू, एडिटर. आज रूढ असलेलं त्रिकूट डिसेंबरमध्ये ठरलं.

यातलं वेबवर किती टिकतं? फार थोडं. पान एकदा ब्राउझरकडे रवाना झालं, की सर्व्हरचं त्याच्याशी नातं संपतं. मॉडेल बदललं तरी आधीच निघून गेलेल्या पानाला खबर देणार कशी? म्हणजे मूळ एमव्हीसीचा आत्मा असलेली ती खबर देण्याची यंत्रणाच वेबच्या जुन्या विनंती-प्रतिसाद पद्धतीत बसत नव्हती. जावाच्या मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही वेगळंच रचलं आणि नाव तेच ठेवलं. स्ट्रट्सने ते पसरवलं, २००४ साली आलेल्या रेल्सने ते लोकप्रिय केलं, लारावेलने पीएचपीवाल्यांच्या घराघरात नेलं. जँगोवाल्यांनी मात्र थोडा प्रामाणिकपणा दाखवला. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या 'व्ह्यू'ने कोणता डेटा दाखवायचा हे ठरतं, कसा दाखवायचा ते टेम्प्लेट ठरवतं, आणि कंट्रोलर म्हणाल तर ते बहुधा फ्रेमवर्क स्वतःच. गंमत म्हणजे आमच्याकडे यावरही 'एमव्हीसी आणि एमटीव्ही यांतील फरक स्पष्ट करा' असा प्रश्न तयार आहे, आणि त्याचं तयार उत्तरही.

शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'मॉडेल'च्या घसरणीबद्दल. रेल्समध्ये किंवा लारावेलमध्ये एक आज्ञा दिली की मॉडेलची फाइल आणि डेटाबेसमधलं टेबल तयार करण्याची फाइल, अशी जोडी जन्माला येते. शिकणाऱ्याच्या मनात समीकरण पक्कं होतं: मॉडेल म्हणजे टेबल. या रचनेमागे 'ॲक्टिव्ह रेकॉर्ड' हा पॅटर्न आहे. त्याला हे नाव देऊन मार्टिन फाउलरने २००२ साली तो पुस्तकात नोंदवला, तेव्हा त्याच्या वर्णनात दोन गोष्टी होत्या: टेबलातली एक ओळ सांभाळणं, आणि त्या ओळीशी निगडित व्यवहाराचे नियम त्याच वस्तूत ठेवणं. पहिली गोष्ट फ्रेमवर्क फुकट देतं. दुसरी आपल्याला विचार करून लिहावी लागते, म्हणून ती कुणी लिहीत नाही. नियम मग कुठे जातात? जिथे फॉर्म येऊन पडतो तिथे, कंट्रोलरमध्ये.

हे सगळं पुस्तकी वाटेल, म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर तपासायला माझ्याकडे आलं होतं. संस्थेचा नियम होता, की एका सभासदाला एका वेळी दोनच चालू कर्जांना जामीन राहता येईल. वेबवरच्या फॉर्मच्या कंट्रोलरमध्ये हा नियम बरोबर तपासला जात होता. पुढे जुन्या नोंदी एक्सेलमधून चढवायची सोय झाली. तिचा कंट्रोलर वेगळा, तिथे तपासणीच नव्हती. मग मोबाइल ॲप आलं. त्याच्या कंट्रोलरमध्ये दुसऱ्या कुणी तरी नियम पुन्हा लिहिला, पण त्यात फिटलेली कर्जंही मोजली. परिणाम असा, की ज्याच्यावर एकाही चालू कर्जाचा जामीन नाही त्याला ॲप नकार देत होतं, आणि एक निवृत्त गृहस्थ पाच कर्जांचे जामीनदार म्हणून नोंदले गेले होते. त्यातली तीन थकली, आणि वसुलीच्या नोटिसा त्यांच्या दारात गेल्या. संस्थेच्या व्यवस्थापकांनी 'हा नियम तुमच्या प्रोग्रॅममध्ये नेमका कुठे आहे?' असं विचारलं, तेव्हा दाखवायला एक जागा नव्हती. जामीनदाराचं 'मॉडेल' उघडलं तर त्यात रकान्यांची नावं आणि दोन टेबलांची नाती, बस. संस्थेच्या पोटनियमांच्या छापील पुस्तिकेत मात्र तो नियम एका ओळीत होता.

रीन्सकॉग ज्याला मॉडेल म्हणत होता, ते त्या पुस्तिकेत होतं. प्रोग्रॅममध्ये त्या नावाचं फक्त फोल्डर होतं.

'नावात काय आहे, काम झाल्याशी मतलब' असं व्यवहारी माणसं म्हणतात. पण फोल्डरला 'मॉडेल्स' असं नाव असलं की तिथे फाइल टाकणाऱ्याला वाटतं, आपण मॉडेल केलं. हे समाधान घातक आहे. तेच फोल्डर 'टेबलं' या नावाचं असतं, तर निदान 'मग नियम कुठे लिहू?' हा प्रश्न एखाद्याला पडला असता. गावच्या वाचनालयाचं चार पानांचं संकेतस्थळ करणाऱ्याला मी यातलं काहीही सांगणार नाही. त्याने सगळं एका फाइलमध्ये लिहावं आणि सुखाने झोपावं. जिथे नियमांवर कुणाचे पैसे, प्रवेश किंवा औषध अवलंबून आहे, तिथली ही गोष्ट आहे.

दुसरा पंथ याच्या उलट टोकाला आहे. रेल्सच्या जगात २००६ च्या सुमारास 'कंट्रोलर सडपातळ, मॉडेल लठ्ठ' हा मंत्र आला. सल्ला चांगला होता. पण त्याचंही पाठांतर झालं आणि एकेक मॉडेल हजारो ओळींचं झालं, ज्यात ईमेल पाठवणं, पीडीएफ छापणं, सगळं कोंबलेलं. मग त्यावर उतारा म्हणून सर्व्हिस, रिपॉझिटरी, मॅनेजर, फॅक्टरी. पिनकोडचा एक रकाना वाढवायला आठ फायली उघडाव्या लागतात असे प्रकल्प मी पाहिले आहेत, आणि त्यांचे कर्ते ते अभिमानाने दाखवतात. जामिनाचा नियम तिथेही सापडत नाही. तो आठ फायलींत वाटला गेलेला असतो. डिझाइन पॅटर्नचं ते प्रसिद्ध पुस्तक १९९४ मध्ये चौघांनी लिहिलं. त्यातल्या २३ पॅटर्नच्या यादीत एमव्हीसी नाही; सुरुवातीच्या प्रकरणात, लहान पॅटर्न एकत्र कसे नांदतात याचं उदाहरण म्हणून ते येतं. मुलाखतीत 'तुमचा आवडता डिझाइन पॅटर्न कोणता?' असं विचारणाऱ्यांनी हे पुस्तक उघडलं असेल का, अशी शंका मला नेहमी येते.

शिकवायचंच असेल तर पहिले दोन तास संगणक बंद ठेवून शिकवता येतं. एसटीच्या सवलतींचे नियम घ्या, रेशनकार्डाचे घ्या, सोसायटीच्या पार्किंगचे घ्या. ते मराठीत वाक्यं करून लिहायला लावा. मग विचारा, की हेच वाक्य खिडकीवरचा माणूस, ॲप आणि रात्री आपोआप चालणारा हिशेब या तिघांना एकाच ठिकाणाहून कसं मिळेल? दुसऱ्या तासाच्या शेवटी वर्गातलं कुणी तरी स्वतःहून तुकडे पाडायला सुरुवात करतं. ते तीनच पडतील असं नाही.

रीन्सकॉगला स्वतःलाही तीन चौकोनांवर थांबायचं नव्हतं. २००९ साली, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, त्याने जेम्स कोपलिनबरोबर डीसीआय नावाची नवी मांडणी प्रसिद्ध केली. त्याचा मुद्दा असा, की वस्तूंचे वर्ग वाचून व्यवस्था काय 'आहे' ते कळतं, पण माणूस एखादं काम करायला येतो तेव्हा ती काय 'करते' ते सलग कुठेच वाचता येत नाही. तीस वर्षांनंतरही तो त्याच दरीच्या काठावर उभा राहून मोजमापं घेत होता. डीसीआयची व्याख्या अजून कुठल्या प्रश्नपत्रिकेत माझ्या पाहण्यात आलेली नाही.