ताईच्या हाती पावलं

घरात बाळ आलं की तीन वर्षांच्या ताईच्या कानावर दिवसभर एकच पालुपद: "हात लावू नकोस!" मग ती लावणारच. किती जोर लावायचा याचा अंदाज त्या वयात हाताला आलेला नसतो. तेव्हा तिला बाळाची पावलं द्या. टाळू भरायला दीडेक वर्ष लागतं, तोवर डोकं मोठ्यांकडेच बरं. तिचा हात धरून तळव्यावरून हळूच फिरवा, मालिशच्या वेळी तेलाची वाटी तिच्याकडे सोपवा. पहिल्या काही महिन्यांत तळहातावर बोट ठेवलं की बाळ मूठ आवळतं. ती निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया, पण ताईला वाटतं, बाळाने मलाच धरलं. वाटू द्या! फक्त फोन वाजला म्हणून दोघांना एकटं सोडून उठू नका.