जहाजावरचं विलगीकरण कुणासाठी होतं?

क्रूझवरच्या साथीचा विषय निघाला की बाल्कनीत उभे राहून हात हलवणारे वयस्क प्रवासी आठवतात. फेब्रुवारी 2020 मध्ये टीव्हीवर आपण तेच पाहत होतो. ‘डायमंड प्रिन्सेस’ योकोहामा बंदरात अडकली होती आणि जहाजावर 3,711 माणसं होती. त्यातली हजारावर माणसं तिथे मौजमजेला आलेली नव्हती, कामाला होती. आपल्याकडे जो मुलगा ‘बोटीवर असतो’ असं सांगतात, तो याच हजारातला. या लेखात मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. 20 जानेवारीला योकोहामाहून निघालेलं हे जहाज हाँगकाँग, व्हिएतनाम, तैवान करत परतणार होतं. हाँगकाँगला 25 जानेवारीला उतरलेल्या एका प्रवाशाला कोरोना झाल्याचं 1 फेब्रुवारीला निष्पन्न झालं. 3 तारखेला जहाज योकोहामाला पोचलं. तपासण्या सुरू झाल्या, पण जहाजावरचं जेवणखाण आणि करमणूक चालूच होती. 5 तारखेला पहिले दहा बाधित सापडले आणि प्रवाशांना हुकूम सुटला, चौदा दिवस खोलीबाहेर पडायचं नाही.

प्रवाशांचे ते दिवस सोपे नव्हते. बहुतेक जण साठीच्या पुढचे. ज्यांची केबिन आतल्या बाजूला होती त्यांना खिडकीसुद्धा नव्हती, म्हणजे दिवस उजाडला की मावळला हे घड्याळात बघायचं. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या संपत आलेल्या. औषधं हवीत म्हणून कुणीतरी बाल्कनीवर फलक लावला होता. थोडा वेळ डेकवर पाय मोकळे करायची मुभा मिळायची, तीही मास्क लावून आणि एकमेकांपासून लांब राहून. ताप पाहायला थर्मामीटर वाटले. पुढे जपान सरकारने दोन हजार आयफोनही वाटले, डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून. नवरा-बायकोपैकी एकाचा अहवाल बाधित आला की त्याला रुग्णवाहिकेतून न्यायचे आणि दुसरा खोलीत एकटा उरायचा. दिवसातून काही वेळा कप्तानाचा आवाज भोंग्यावर यायचा, आज आणखी इतके. हे सगळं वाचताना जीव कळवळतो आणि कळवळायलाच हवा.

पण जेवणाची वेळ झाली की दारावर टकटक व्हायची. दार उघडलं की समोर मास्क आणि हातमोजे घातलेला माणूस, हातात ट्रे. हा माणूस कुठून आला? स्वयंपाकघरातून. स्वयंपाकघरात किती जण होते? खांद्याला खांदा लागेल इतके. ड्युटी संपली की तो जेवायला कुठे जायचा? मेसमध्ये, शेकडो सहकाऱ्यांबरोबर. झोपायचा कुठे? खालच्या डेकवरच्या खोलीत, जिथे वरच्या किंवा समोरच्या बंकवर दुसरा कुणी असायचा, आणि त्या दुसऱ्याला कालपासून खोकला असायची शक्यता होती.

याला विलगीकरण म्हणायचं? प्रवाशाला खोलीत बंद ठेवणं शक्य झालं ते केवळ हा माणूस बंद नव्हता म्हणून.

हे माझं नुसतं मत नाही. 9 फेब्रुवारीपर्यंत वीस कर्मचारी बाधित आढळले होते. त्यातले पंधरा अन्न तयार करण्याच्या आणि वाढण्याच्या कामावरचे, आणि सोळा जण एकाच, तिसऱ्या डेकवर राहणारे. जपानच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेचा निष्कर्षही असाच होता की 5 तारखेनंतरचा फैलाव प्रामुख्याने कर्मचाऱ्यांत आणि एका केबिनमध्ये राहणाऱ्यांत झाला. कोबे विद्यापीठाचे डॉ. केंतारो इवाता 18 तारखेला जहाजावर जाऊन आले. सुरक्षित भाग कुठला आणि दूषित कुठला याचा तिथे पत्ताच नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. मोठी खळबळ माजली.

शेवटी बाधितांचा आकडा 712 वर गेला. त्यात 567 प्रवासी आणि 145 कर्मचारी. प्रमाण काढलं तर प्रवासीच जास्त भरतात, हे मान्य. पण प्रवाशांतले बरेच जण दारं बंद होण्याआधीच लागण घेऊन बसले होते. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत दारं कधी बंदच झाली नाहीत.

कुणी म्हणेल, साडेतीन हजार माणसांना जेवू कोण घालणार? प्रश्न रास्त आहे. काम कुणीतरी करायलाच हवं होतं. पण काम करणाऱ्याला रात्री एकट्याने झोपायला चार भिंती मिळू नयेत, हे कुठल्या विषाणूने ठरवलेलं नाही. ते आधीच कागदावर ठरलेलं होतं. खलाशांच्या हक्कांसाठी 2006 मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानेही 2015 मध्ये त्याला मान्यता दिली. करार चांगला आहे. मालवाहू जहाजावर प्रत्येक खलाशाला स्वतंत्र खोली हवी, असा त्यातला सर्वसाधारण नियम. प्रवासी जहाजं मात्र या नियमातून वगळलेली! तिथे दोघांना मिळून साडेसात चौरस मीटर, म्हणजे ऐंशी चौरस फूट दिले की पुरे. चौघांना साडेचौदा. ज्या जहाजावर सगळ्यात जास्त गर्दी, तिथेच कामगाराला सगळ्यात कमी जागा.

त्या जहाजावर 138 भारतीय होते. त्यातले 132 कर्मचारी आणि फक्त सहा प्रवासी. मुंबईचीही माणसं त्यात होती. आम्हाला इथून बाहेर काढा, निदान वेगळं तरी ठेवा, असं सांगणारे त्यांचे व्हिडिओ तेव्हा फिरत होते. सोळा भारतीयांना लागण झाली. 27 फेब्रुवारीला विमानाने 119 जण दिल्लीला आले आणि मानेसरला आणखी चौदा दिवस राहिले. अमेरिकेने आपल्या प्रवाशांना दहा दिवस आधीच उचललं होतं.

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांना हे नवं नाही. आगबोटींच्या काळापासून रत्नागिरीकडचे सारंग, तांडेल आणि खलाशी परदेशी कंपन्यांच्या बोटींवर जात आलेत. घरं त्याच पैशांवर उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली. आता मुलं हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर जातात, गोव्यातूनही खूप जातात. सीडीसी काढायची, बेलापूरच्या एजंटाकडे खेटे घालायचे. पगार किती, ओव्हरटाइम किती, करार किती महिन्यांचा, हे सगळं घरात चर्चिलं जातं. खोलीत किती जण, हे कुणी विचारत नाही. आजारी पडल्यावर कुठे ठेवणार, हा प्रश्न तर अपशकुनी वाटतो.

आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. त्याच वर्षी पुढे प्रवासी उतरून गेले, हजारो कर्मचारी रिकाम्या जहाजांवर महिनोन्‌महिने अडकले, तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्यांना एकेकट्याच्या, स्वतंत्र संडास-बाथरूम असलेल्या खोल्यांत हलवायला सांगितलं. कंपन्यांनी त्यांना प्रवाशांच्या केबिन दिल्या. काहींना खिडक्या होत्या, काहींना बाल्कनीसुद्धा. जगाला खलाशी पुरवणाऱ्या मोठ्या देशांत भारत आहे. करारातला हा अपवाद काढून टाका, असं आपल्या सरकारने आणि खलाशांच्या संघटनांनी ठणकावून सांगायला हवं. ते होईपर्यंत निदान एक कलम प्रत्येक करारात असावं: जहाजावर साथ आली की कर्मचाऱ्यालाही दार बंद करता येईल अशी स्वतंत्र खोली, पहिल्या दिवसापासून.